सुहेली : साधनांची सागरपरीक्षा

सागरप्रवासाचा इतिहास आपण बहुधा माणसांच्या आणि मुलखांच्या नावांनी वाचतो. कोण निघाला, कोठे पोहोचला, कोणते भूशिर त्याने ओलांडले, एवढे कळले की आपली जिज्ञासा तृप्त होते. परंतु परत आलेल्या दर्यावर्दीला बंदरातले दुसरे दर्यावर्दी जे विचारतात ते याहून निराळे असते. शीड कोठे फाटले, दोर कोठे झिजला, सुकाणू टिकले का, पाणी गोडे राहिले का, असे त्यांचे प्रश्न असतात. कोणत्या साधनाने साथ दिली आणि कोणत्याने दगा दिला, हा त्यांच्या दृष्टीने प्रवासाचा खरा वृत्तांत होय. या दृष्टीने पाहिले असता विसाव्या शतकातील एक सफर विशेष विचार करण्याजोगी आहे. १९६८-६९ साली एकट्या माणसाने, कोठेही न थांबता, शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा प्रथमच पूर्ण केली. ती ज्या नौकेने केली ती नौका मुंबईत, सागवानी लाकडाची, इथल्या सुतारांच्या हातांनी घडली होती. तिचे नाव 'सुहेली'.

या नौकेचा विचार करण्यापूर्वी मुंबईच्या जहाजबांधणीची परंपरा थोडी ध्यानात घेतली पाहिजे. सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया १७३६च्या सुमारास मुंबईस आले, आणि त्यांच्या घराण्याने पुढे दीडशे वर्षे इथल्या गोदीचे नाव जगभर नेले. इंग्लंडात ओक वृक्षाची टंचाई भासू लागली तेव्हा ब्रिटिश आरमाराने आपल्या युद्धनौका मुंबईत बांधवून घेण्यास प्रारंभ केला. जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली १८१० साली 'मिंडेन', १८१३ साली 'कॉर्नवॉलिस' आणि १८१७ साली 'त्रिंकोमाली' पाण्यात उतरली. यांपैकी 'त्रिंकोमाली' इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर तरंगत आहे. या दीर्घायुष्याचे मर्म सागवानात आहे. ओकच्या लाकडातील आम्ल लोखंडी खिळ्यांना खाते. सागाच्या अंगचे तेल उलट लोखंडाचे रक्षण करते. म्हणजे साग स्वतः तर टिकतोच, पण आपल्या सोबत्यालाही टिकवतो.

एका साधनाने दुसऱ्याला टिकवावे किंवा मारावे, हा नियम समुद्रावर वारंवार प्रत्ययास येतो. याचे प्रसिद्ध उदाहरण तांब्याच्या पत्र्याचे. लाकूड पोखरणाऱ्या सागरी किड्यापासून जहाजाचा तळ वाचवावा म्हणून ब्रिटिश आरमाराने १७६१ साली 'अलार्म' या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला. किडा लागला नाही, शेवाळ धरले नाही, जहाज वेगाने चालले. दोन वर्षांनी तपासणी केली तेव्हा मात्र असे दिसले की, पत्र्याला स्पर्श करणारे लोखंडी खिळे झडून गेले होते. ज्या थोड्या ठिकाणी पत्र्याभोवतीचा वेष्टनाचा कागद तसाच राहिला होता, तेथील खिळे तेवढे शाबूत होते. खाऱ्या पाण्यात तांबे आणि लोखंड एकत्र आले की त्यांत विद्युत्प्रवाह सुरू होऊन लोखंड झिजते, हे पुढे विज्ञानाने सांगितले. १८२४ साली हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने याच तत्त्वाचा उपयोग करून तांबे वाचवण्यासाठी त्यावर लोखंडाचे तुकडे बसवले. तांबे वाचले, पण ते झिजेनासे झाल्यामुळे त्यावर शेवाळ आणि शिंपल्यांचे थर चढू लागले, आणि जहाजे मंदावली. प्रयोगशाळेत खरा ठरलेला उपाय समुद्रावर निराशाजनक ठरला. तांब्याचे झिजणे हेच त्याचे कार्य होते, ते बंद करणे म्हणजे त्या साधनाला निकामी करणे होते, हे अनुभवानेच कळले.

आपल्याकडे हे व्यवहारज्ञान आज्ञापत्रासारख्या ग्रंथातही उमटलेले दिसते. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लिहिलेल्या या राजनीतिग्रंथात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा अतिथोर नकोत, अगदी लहानही नकोत, मध्यम असाव्यात. केवळ मोठ्या वाऱ्यावर अवलंबून राहणारे तरांडे उपयोगी नाही. पावसाळ्यापूर्वी आरमार सुरक्षित बंदरात नेऊन ठेवावे, अशा आशयाची त्यातील शिकवण आहे. भव्यतेपेक्षा हाताळता येण्याला आणि हंगामानंतर निगा राखण्याला तेथे अधिक मोल आहे. 'सुहेली'च्या कथेला ही पार्श्वभूमी असणे योग्यच म्हणावे लागेल.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवरील एक तरुण अधिकारी. मुंबई आणि इराणचे आखात यांमध्ये त्याच्या फेऱ्या होत. साठच्या दशकाच्या प्रारंभी त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्वतःसाठी एक नौका बांधवून घ्यायचे ठरवले. त्यासाठी इंग्लंडातून आराखडा मागवला. परंतु हवा होता तो न येता दुसराच आला. तो विल्यम ॲटकिन या अमेरिकन रचनाकाराचा, १९२०च्या दशकातला, 'एरिक' नावाचा आराखडा होता. त्याचे मूळ नॉर्वेच्या कॉलिन आर्चरने वादळात सापडलेल्या मच्छीमारांच्या सुटकेसाठी रचलेल्या नौकांमध्ये होते. दोन्ही टोके निमुळती, पोट रुंद, तळाचा कणा लांब आणि वजन भारी, अशी ती रचना. त्या काळातल्या शर्यतीच्या नौकांशेजारी ती आजीबाईसारखी दिसली असती. पण बदलून मागवण्याइतका वेळ नव्हता, म्हणून आले तेच स्वीकारले.

मुंबईच्या सुतारांनी ही नौका घडवली ती वाकस, छिन्नी आणि दोरीने फिरवायचा सामता या पिढीजात हत्यारांनी. लांबी बत्तीस फूट, डोलकाठ्या दोन, लाकूड सागवान. डिसेंबर १९६४ मध्ये नारळ फोडून ती पाण्यात सोडण्यात आली. आखातातले दर्यावर्दी आग्नेयेकडून येणाऱ्या एका वाऱ्याला 'सुहेली' म्हणतात, तेच नाव तिला मिळाले. अरबीत सुहेल म्हणजे दक्षिणेकडचा तो तेजस्वी तारा, ज्याला आपण अगस्त्य म्हणतो. ज्या ऋषीने समुद्र प्राशन केला त्याचा तारा आणि जिने पुढे सगळे महासागर पार केले ती नौका, यांची नावे अशी नकळत जुळून आली. १९६५च्या अखेरीस नॉक्स-जॉन्स्टन, त्याचा भाऊ आणि एक मित्र असे तिघे तिच्यातून मुंबईहून निघाले, आणि आफ्रिकेच्या वाटेने, मध्ये दीर्घ मुक्काम करीत, इंग्लंडास पोहोचले. केपटाउन ते लंडन हा अखेरचा टप्पा त्यांनी कोठेही न थांबता केला. नौकेवरचा विश्वास त्या वाटेवर जुळला.

मार्च १९६८ मध्ये लंडनच्या 'संडे टाइम्स' या वृत्तपत्राने एक स्पर्धा जाहीर केली. एकट्याने, कोणत्याही बंदराला न लागता, कोणाचेही साहाय्य न घेता, केप ऑफ गुड होप, ऑस्ट्रेलियाची दक्षिण बाजू आणि केप हॉर्न यांवरून पृथ्वीप्रदक्षिणा करायची. प्रथम परतणाऱ्यास सोनेरी पृथ्वीगोल आणि सर्वांत कमी दिवसांत परतणाऱ्यास पाच हजार पौंड, अशी दोन पारितोषिके होती. नॉक्स-जॉन्स्टनला या सफरीसाठी मोठी पोलादी नौका हवी होती. तिचा आराखडाही तयार होता. पण पैसा उभा राहिला नाही. शेवटी जवळ होती ती 'सुहेली'च घेऊन तो १४ जून १९६८ रोजी फाल्मथ बंदरातून निघाला.

एकूण नऊ जण या स्पर्धेत उतरले. त्यांच्या साधनांची विविधता पाहिली म्हणजे एखाद्या प्रदर्शनात आल्यासारखे वाटते. जॉन रिजवे आणि चे ब्लाइथ यांच्या नौका काचतंतूच्या, किनाऱ्यालगतच्या कौटुंबिक सहलींसाठी योजलेल्या होत्या. एक ब्राझीलपर्यंत, दुसरी दक्षिण आफ्रिकेपर्यंत पोहोचून थांबली. बिल किंग या निवृत्त पाणबुडी अधिकाऱ्याने चिनी पद्धतीची शिडे लावली होती. ती डेकवर न जाता आतूनच हाताळता येत, ही मोठी सोय होती. पण दक्षिण अटलांटिकच्या वादळात नौका कलंडली, डोलकाठीला इजा झाली, आणि त्यालाही केपटाउन गाठावे लागले. लोइक फुजेरॉन वादळाने माघारी फिरला. ॲलेक्स कारोत्सो पोटातील व्रणाने आजारी पडून लिस्बनला उतरला. उरले चौघे : नॉक्स-जॉन्स्टन, बेर्नार मोइतेसिए, नायजेल टेटली आणि डोनाल्ड क्रोहर्स्ट.

'सुहेली'वर काय काय मोडले याची यादी करायला बसले तर ती लांबतच जाते. निघून काही आठवडेच झाले होते, केप व्हर्द बेटांच्या पुढे नौकेत पाणी नित्यापेक्षा अधिक येऊ लागले. नॉक्स-जॉन्स्टनने पाण्यात उडी घेऊन पाहिले, तर तळाच्या कण्यालगतची फट दोन्ही बाजूंना उघडली होती. त्याने कॅनव्हासच्या लांब पट्टीवर कापूस शिवला, डांबर चोपडले, आणि श्वास रोखून पुन्हा पुन्हा बुडी मारीत ती पट्टी तांब्याच्या चुकांनी फटीवर ठोकली. वर संरक्षणासाठी तांब्याची पट्टी बसवली. ती मिळाली रेडिओ बसवणाऱ्यांच्या उरलेल्या सामानात. मध्येच एक शार्क घुटमळू लागला, तेव्हा डेकवर येऊन त्याला बंदुकीने मारावे लागले. एक बाजू पुरी करून, हवामान निवळल्यावर त्याने दुसरी बाजूही अशीच बुजवली. हा जोड पुढे दक्षिण महासागरात टिकला. फटीत कापूस ठासून वर राळ-डांबर देण्याची ही विद्या कोकणातल्या कोणत्याही होडीच्या सुताराला परकी वाटणार नाही.

सप्टेंबरात दक्षिण महासागराच्या पहिल्या मोठ्या वादळात लाटेने नौका आडवी केली. केबिनचा भाग मूळ जागेवरून हलला, सांध्यांत भेगा पडल्या. पाठोपाठ ध्यानात आले की, टाक्यांतले पिण्याचे पाणी नासले आहे. दुसरा कोणीही येथून केपटाउनकडे वळला असता, आणि त्याला कोणी दोष दिला नसता. पण सुट्या डब्यांत थोडे पाणी शाबूत होते, आणि आकाश सर्वांना सारखेच पाणी देते. शिडावरून ओघळणारे पावसाचे पाणी साठवीत तो पुढे निघाला. इंजिन गंजून अडकले, ते अखेरपर्यंत सुरू झाले नाही. शिडे उसवत होती, ती त्याने दिवसचे दिवस बसून शिवली. एकदा दोऱ्याची गाठ मारताना त्याची मिशीच शिडाला जोडली गेली, आणि हिसका देऊन ती सोडवावी लागली. या प्रसंगाचे वर्णन त्याने स्वतःच आपल्या प्रवासग्रंथात विनोदाने केले आहे.

सर्वांत मोठी निराशा केली ती वाऱ्यावर चालणाऱ्या स्वयंचलित सुकाणूने. एकट्या माणसाला झोप आवश्यक असते, आणि झोपेत नौकेची दिशा कोणी सांभाळायची हा एकाकी सफरीतला मूलभूत प्रश्न आहे. यासाठी उभा पंखा बसवतात. वाऱ्याच्या संदर्भात नौकेची दिशा बदलली की पंखा वळतो, आणि त्याला जोडलेले छोटे सुकाणू तिला पूर्वपदावर आणते. 'सुहेली'च्या मागच्या शिडाचा दांडा नौकेच्या टोकापलीकडे जात असल्यामुळे पंखा मध्यभागी बसवता येईना. म्हणून दोन्ही बाजूंना लोखंडी नळ्यांच्या चौकटी उभारून दोन पंखे लावले होते. यंत्रणा अवजड होती, तिची कुरकुर नित्याची होती. तिचे पाण्यातले पाते मोडले, ते दुरुस्त केले, बदलीचे लावले; अखेर ऑस्ट्रेलियाच्या आसपास ते सगळेच निकामी झाले, आणि अर्ध्याहून अधिक पृथ्वी अद्याप उरली होती.

येथे त्या जुनाट आराखड्याने आपले ऋण फेडले. लांब कणा आणि दोन्ही निमुळती टोके यांमुळे 'सुहेली' मूळचीच सरळ चालणारी होती. शिडांचा तोल नेमका साधून सुकाणूचा दांडा बांधून ठेवला, की ती आपली दिशा बऱ्यापैकी धरून राही. नॉक्स-जॉन्स्टन रात्रीरात्री तिचा स्वभाव शिकत गेला. कोणत्या वाऱ्यात कोणते शीड किती सैल सोडायचे हे त्याच्या हातात मुरले. स्वतंत्र यंत्र गेले, तेव्हा नौकाच यंत्र झाली. चुकून आलेला आराखडा आणि परंपरेने घडवलेले सागवान यांची ही जोडी पॅसिफिकमधून निघाली आणि १७ जानेवारी १९६९ रोजी केप हॉर्न मागे टाकून अटलांटिकमध्ये आली.

मात्र ही वार्ता जगाला नव्हती. नौकेवरील रेडिओचे प्रेषण बंद पडले होते. न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळ नोव्हेंबरात एका वार्ताहराशी त्याची भेट झाली, त्यानंतर साडेचार महिने त्याचा कोणालाही पत्ता नव्हता. घरच्यांनी ते दिवस कसे काढले असतील याची कल्पनाच करावी. एप्रिलमध्ये अझोर्स बेटांच्या पश्चिमेस एका तेलवाहू जहाजाला त्याने हातातल्या दिव्याने मोर्स लिपीत खूण केली, आणि 'सुहेली' जिवंत असल्याचे लंडनला कळले. जे काम महागडा रेडिओ करू शकला नाही ते एका दिव्याने केले. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, गंजाचे ओघळ अंगावर घेऊन ती फाल्मथला परतली. स्पर्धा पूर्ण करणारी ती एकमेव नौका ठरली.

या यशाचा अर्थ नीट लावायचा तर उरलेल्या तिघांकडे पाहिले पाहिजे. मोइतेसिएची 'जोशुआ' ही पोलादी नौका, तारेच्या खांबांपासून केलेल्या डोलकाठ्यांची. त्याने अवजड रेडिओ नाकारला, आणि निरोप पाठवायला चक्क बेचकी ठेवली. जवळून जाणाऱ्या जहाजावर तो डबीत घातलेली चिठ्ठी बेचकीने फेकी. त्याची साधने साधी आणि भरवशाची होती, वेगही उत्तम होता. पण मार्च १९६९ मध्ये त्याने स्पर्धाच सोडून दिली, आणि पुन्हा केप ऑफ गुड होप ओलांडून तो ताहितीला गेला. साधनांनी त्याला निराश केले नाही. पारितोषिकाच्या कल्पनेने मात्र केले, असे म्हणावे लागेल.

क्रोहर्स्टची गोष्ट याच्या अगदी उलट टोकाची आहे. तो विजेवर चालणारी उपकरणे तयार करणारा कल्पक अभियंता होता. त्याने नौकानयनासाठी तयार केलेले दिशाशोधक यंत्र बाजारात होते. 'टाइनमथ इलेक्ट्रॉन' या तीन अंगांच्या नौकेत त्याने एक अभिनव योजना आखली. तीन अंगांची नौका वेगवान असते, परंतु एकदा पालथी झाली की आपोआप सुलटत नाही. म्हणून डोलकाठीच्या टोकाला हवेची पिशवी बसवायची, संकट ओळखून ती फुगवण्याचे काम संगणकाने करायचे, असा तो बेत होता. कल्पना मूर्खपणाची नव्हती. पण निघण्याची अखेरची मुदत ३१ ऑक्टोबर १९६८ ही होती, आणि त्या दिवशी तो निघाला तेव्हा नौकाभर रंगीबेरंगी तारा ओढलेल्या होत्या, त्या जिथे जोडल्या जायच्या तो संगणक मात्र अस्तित्वातच नव्हता. सुटे भाग आणि पाणी उपसण्याची आवश्यक नळी किनाऱ्यावरच राहिली होती. स्वयंचलित सुकाणूचे स्क्रू गळू लागले, तेव्हा बदली स्क्रू नसल्याने एका ठिकाणचे काढून दुसरीकडे लावण्याची पाळी आली. पुढे जावे तर नौका दक्षिण महासागरात फुटणार, मागे फिरावे तर व्यवसाय आणि घर दोन्ही गमवावे लागणार, अशा कोंडीत तो सापडला.

त्याने तिसरा मार्ग धरला. अटलांटिकमध्येच घुटमळत राहून तो रेडिओवरून खोटी ठिकाणे आणि खोटा वेग कळवू लागला. त्या वार्तांवर विश्वास ठेवून टेटलीने आपली प्लायवूडची, आधीच खिळखिळी झालेली 'व्हिक्ट्रेस' शिडे कमी न करता हाकली. प्रतिस्पर्धी पाठीवर आहे असे त्याला वाटत होते. मे १९६९ मध्ये, आपलाच जातानाचा मार्ग ओलांडून पृथ्वीला वेढा घातल्यानंतर, घर जवळ आले असता ती अझोर्सजवळ फुटून बुडाली. टेटली वाचला. आता परतल्यावर सर्वाधिक वेगाचे पारितोषिक, आणि त्यासोबत नोंदवह्यांची कसून तपासणी, ही दोन्ही क्रोहर्स्टच्या वाट्याला येणार होती. १० जुलै १९६९ रोजी त्याची नौका समुद्रात निर्मनुष्य आढळली. वहीतील नोंदी १ जुलैला थांबल्या होत्या. नॉक्स-जॉन्स्टनने आपल्याला मिळालेले पाच हजार पौंड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला दिले.

आता साधनांचा हिशेब मांडू गेले तर तो सरळ राहत नाही. चाललेली साधने उत्तम आणि मोडलेली निकृष्ट, असा निकष लावला तर 'सुहेली' ही निकृष्ट साधनांचे कोठार ठरेल, कारण स्पर्धा पूर्ण केलेल्या या एकमेव नौकेवर रेडिओ, इंजिन, पाण्याच्या टाक्या आणि सुकाणूचे यंत्र यांपैकी काहीच धड उरले नव्हते. उलट क्रोहर्स्टचा रेडिओ चालू होता, आणि त्याच्यावरून जे गेले त्याने एका नौकेचा आणि एका माणसाचा घात केला. तेव्हा प्रश्न मोडण्याचा नाही. समुद्रावर प्रत्येक वस्तू केव्हा तरी मोडते. काथ्या कुजतो, खिळा गंजतो, शीड फाटते. मोडलेली वस्तू त्याच हातांनी, जवळ असलेल्या सामानातून पुन्हा उभी करता येते का, आणि ती गेलीच तर तिचे काम दुसरी कोणती वस्तू उचलू शकते का, हे पाहावे लागते. सागवानी फळीतली फट कापसाने बुजवता येते, कारण ती फट का पडली हे डोळ्यांना दिसते. अर्धवट जोडलेल्या तारांच्या जाळ्यात काय चुकले हे समुद्राच्या मध्यावर शोधता येत नाही. क्रोहर्स्टचे दुर्दैव असे की, त्याची बुद्धी त्याच्या नौकेच्या फार पुढे गेली होती, आणि दोघांची गाठ घालून द्यायला लागणारा वेळ त्याला कोणी दिला नाही. त्याच्या शोकांतिकेत लबाडी आहे हे खरे. पण लबाडीच्या आधी अपुरी तयारी आहे, आणि तिच्याकडे पाहताना वाचकाच्या मनात तिरस्कारापेक्षा करुणाच उत्पन्न व्हावी.

याचा अर्थ जुने ते सोने असा मात्र नव्हे. 'सुहेली'ची शिडे टेरिलिनची, म्हणजे कृत्रिम धाग्याची होती. सुती शिडे इतके महिने टिकती ना. पुढे याच नौकेची प्रतिकृती 'थुरिया' ही गोव्यात लाकडाची बांधण्यात आली, आणि पहिल्या स्पर्धेच्या पन्नाशीनिमित्त २०१८ साली झालेल्या स्पर्धेत भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी तिच्यातून निघाले. त्यांच्या गाठी अनुभव होता. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यातच बांधलेल्या 'म्हादेई'तून पहिली भारतीय एकाकी प्रदक्षिणा केली होती, आणि टॉमी यांनी त्याच नौकेतून २०१२-१३ मध्ये विनाथांबा प्रदक्षिणा पूर्ण केली होती. तरीही सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात 'थुरिया'च्या डोलकाठ्या मोडल्या, टॉमी यांच्या पाठीला गंभीर इजा झाली, आणि त्यांची सुटका करावी लागली. तोच आराखडा, तोच समुद्र, पण लाट निराळी. साधनाने एकदा साथ दिली म्हणून ते पुन्हा देईल असा करार समुद्र कोणाशीही करीत नाही.

चार वर्षांनी टॉमी पुन्हा निघाले, या वेळी काचतंतूच्या 'बायानात' या नौकेतून. त्यांच्या स्वयंचलित सुकाणूचे भाग एकामागून एक मोडत गेले. बदली भाग संपले, तेव्हा त्यांनी नौकेतल्या शौचालयाच्या दाराचे लाकूड कापून नवे भाग तयार केले, आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसऱ्या क्रमांकाने स्पर्धा पूर्ण केली. नौकेची जात बदलली होती, धातू बदलले होते. दार हे दार न समजता उपलब्ध लाकूड समजण्याची दृष्टी मात्र तीच होती, जिने पूर्वी रेडिओच्या उरलेल्या सामानातून तळाची पट्टी केली.

'सुहेली'चे पुढे काय झाले तेही सांगण्यासारखे आहे. १९९७ साली ती ग्रिनिच येथील सागरी संग्रहालयात सन्मानाने ठेवण्यात आली. तेथील हवा कोरडी, नियंत्रित, ऐतिहासिक वस्तूंच्या रक्षणाला अनुकूल अशी. त्या हवेत तिच्या फळ्या सुकून आक्रसू लागल्या, सांधे उघडू लागले. तीन महासागरांनी जे केले नव्हते ते संरक्षणाने आरंभले. २००२ साली नॉक्स-जॉन्स्टनने तिला तेथून बाहेर काढले, वर्षानुवर्षे खपून तिची डागडुजी केली, आणि २०१६ साली ती पुन्हा पाण्यात उतरवली. मुंबईच्या सुतारांनी ती पाण्यासाठी घडवली होती. ओलाव्याने फुगून तिच्या फळ्या एकमेकींना घट्ट धरतात. कोरड्या सुरक्षिततेत त्या एकमेकींपासून सुटतात.